खाली भग्नावशेष, वर विमान

टपालतिकिटे जमविण्याच्या छंदाला 'छंदांचा राजा' म्हणण्याची पद्धत आहे. या विषयावरचा लेख बहुधा याच वाक्याने सुरू होतो आणि मग सामान्य ज्ञान वाढते, भूगोल कळतो, चिकाटी येते, असे पुढे पुढे जातो. ते सारे खरेच आहे. पण मला आज सांगावयाचे आहे ते या छंदाच्या एका अगदी लहानशा कोपऱ्याविषयी. हवाई टपालाच्या काही जुन्या तिकिटांवर एकाच चौकटीत दोन गोष्टी काढलेल्या असतात. खाली प्राचीन भग्नावशेष, म्हणजे खांब, कमानी, देवळे किंवा पिरॅमिड, आणि वर आकाशात विमान. १९२५ ते १९४० या काळात ग्रीस, इजिप्त, सीरिया, लेबॅनॉन, लिबिया अशा भूमध्य समुद्राकाठच्या मुलखांतून अशी तिकिटे निघाली. दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड आणि कालपरवाचे यंत्र यांची अशी जोडी कुणी आणि कशासाठी लावली असावी, एवढाच या लेखाचा विषय.

माझे आजोबा टपाल खात्यात कारकून होते. त्यांच्या अल्बममध्ये या जातीची चाळीसएक तिकिटे आहेत. मी कॉमर्सची विद्यार्थिनी असल्यामुळे पहिल्यांदा त्यांची किंमतच विचारली, त्यावर ते म्हणाले, "अगं, तिकिटावर काय काढलंय ते मागाहून बघ. ते कुणी काढलंय ते आधी बघ." हे वाक्य मला फार उपयोगी पडले.

मुळात हवाई टपालाला वेगळे तिकीट लागतच का होते? कारण सरळ हिशेबाचे आहे. विमानाने पत्र नेणे महाग होते, म्हणून नेहमीच्या दराच्या वर जादा आकार घेतला जाई, आणि तो भरला आहे हे टपाल कारकुनाला चटकन दिसावे म्हणून वेगळे तिकीट किंवा वेगळी खूण हवी होती. जगातले पहिले हवाई टपालाचे तिकीट इटलीने १९१७ साली काढले, तेही जुन्याच तिकिटावर नवा मजकूर छापून. पत्रे विमानाने नेण्याचा मान मात्र आपल्याकडे आधीच येऊन गेला होता. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर! त्या पत्रांवरचा जादा आकार विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहासाठी होता, हे आपल्या होस्टेलवासी मित्रांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

खरी नियमित सेवा सुरू झाली ती ३० मार्च १९२९ ला, लंडन ते कराची. वाटेत इजिप्त, इराक आणि इराणचे आखात. पत्र पोचायला आठवडाभर लागे, तरी बोटीच्या मानाने ते फारच जलद होते. त्याच साली ऑक्टोबरात नाशिकच्या छापखान्यातून हिंदुस्थानची सहा हवाई तिकिटे निघाली. त्यांवर पंचम जॉर्ज बादशहा, झाडे आणि द हॅव्हिलंड हर्क्युलिस जातीचे विमान आहे. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. बळ्ळारीचे नाव या यादीत पाहून आमच्या कन्नड विभागाच्या मित्रांना बरे वाटेल.

लंडनहून पूर्वेकडे येणारी विमाने ज्या मुलखांवरून उडत होती, तो सारा मुलूख प्राचीन अवशेषांनी भरलेला होता. तेव्हा चित्रकाराने खाली पाहिले आणि जे दिसले ते काढले, असे एक सोपे उत्तर देता येईल. ते थोडेसे बरोबरही आहे. ग्रीसची १९२६ ची चार तिकिटे पाहा. इटलीहून अथेन्समार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाणाऱ्या सेवेसाठी ती काढली होती. तीन द्राख्मांच्या तिकिटावर पाण्यावर उतरणारे विमान अक्रोपोलिसवरून जाते आहे. दहा द्राख्मांच्या तिकिटावर तेच विमान प्राचीन खांबांच्या रांगेतून पाहिलेले आहे. म्हणजे पाहणारा माणूस देवळात उभा आहे आणि विमान बाहेर आकाशात आहे. माझ्या मते या सबंध जातीतले सर्वांत सुंदर तिकीट हेच. येथे भग्नावशेष हे घर आहे आणि विमान हा पाहुणा आहे.

इजिप्तचे १९३३ चे तिकीट नेमके उलटे. त्यावर गीझाच्या पिरॅमिडांवरून हँडली पेज कंपनीचे चार इंजिनांचे अवजड दुपंखी विमान चालले आहे. याच जातीची विमाने इम्पीरियल एअरवेज कैरोहून कराचीला पाठवीत असे, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी विलायतेहून आलेले एखादे पत्र अशाच विमानातून आले असण्याचा संभव आहे. या एकाच चित्राची इजिप्तने इतक्या किमतींची आणि रंगांची तिकिटे काढली की पुरा संच लावायला अल्बमची दोन पाने लागतात. नव्या संग्राहकाने येथूनच सुरुवात करावी. ती स्वस्त आहेत आणि रंग फार गोड आहेत.

इटलीने आपल्या ताब्यातील त्रिपोलितानियासाठी (हा आजच्या लिबियाचा भाग) १९३० नंतर जी हवाई तिकिटे काढली, त्यांत लेप्टिस येथील रोमन स्तंभ आहेत. येथे आजोबांचे वाक्य लागू पडते. मुसोलिनीच्या इटलीला जगाला सांगावयाचे होते की, रोमन लोक येथे पूर्वीही होते, आम्ही आलो नसून परत आलो आहोत. खालचा खांब हा जणू जमिनीचा जुना सातबारा आणि वरचे विमान म्हणजे नवा कब्जा. असे कागद जुळवायची हुशारी जगभर सारखीच दिसते!

आता ज्यांवर मला अधिक लिहावयाचे आहे त्या सीरिया आणि लेबॅनॉनकडे येते. पहिल्या महायुद्धानंतर तुर्की साम्राज्य मोडले आणि हे दोन्ही मुलूख राष्ट्रसंघाच्या 'मँडेट'खाली फ्रान्सच्या हाती आले. मँडेट म्हणजे कायद्याच्या भाषेत मालकी नव्हे, पालकत्व. अज्ञान वारसाची इस्टेट सांभाळण्यासारखे. पालक कसा वागला, हे तिकिटांवर बऱ्यापैकी वाचता येते.

सुरुवातीला फ्रेंचांनी साध्या तिकिटांवर 'आव्हियाँ', म्हणजे विमान, एवढा शब्द छापून काम भागविले. १९२५ साली दोन्ही मुलखांसाठी देखाव्यांची मालिका निघाली. तीत सीरियाकडून पाल्मिरा आणि लेबॅनॉनकडून बालबेक हे प्राचीन अवशेष होते. १९२६ मध्ये त्याच मालिकेतल्या काही तिकिटांवर एक छोटेसे विमान छापण्यात आले. आधी देखावा छापून झाला, नंतर त्याच्या डोक्यावर विमान बसविले. पुढे १९३० ते १९३३ च्या सुमारास विमान आणि देखावा मिळून एकच चित्र कोरलेली देखणी मालिका निघाली. तिच्यात पोतेझ कंपनीचे दुपंखी विमान एकेका गावावरून जाते. सीरियात होम्स, दमास्कस, अलेप्पोचा किल्ला, हमा, पाल्मिरा आणि लेबॅनॉनात बालबेक, बिब्लोस, त्रिपोली, बैरूत. तिकिटांवरील मजकूर फ्रेंच आणि अरबी अशा दोन भाषांत आहे. दोन लिपींपैकी कोणती वर, कोणती मोठी, हे प्रत्येक तिकिटावर पाहण्यासारखे असते, आणि ते का पाहावे, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

कॉमर्सच्या मित्रांसाठी एक बाब. तिकिटांवरची किंमत पियास्त्रमध्ये आहे. शंभर पियास्त्रांचा एक सीरियन-लेबनीज पौंड होता आणि तो पौंड वीस फ्रेंच फ्रँकांना कायमचा बांधलेला होता. पॅरिसमध्ये फ्रँक घसरला की दमास्कसच्या बाजारातला पौंडही आपसूक घसरे. तिकिटावरचे नाव सीरियाचे, पण त्यावरील किमतीची नाडी पॅरिसमध्ये.

आणि ते विमान? पोतेझचे हे टपालाचे विमान त्याच कंपनीच्या लष्करी विमानावरून बनविलेले होते. १९२५ साली सीरियात फ्रेंचांविरुद्ध मोठा उठाव झाला. त्या वर्षी ऑक्टोबरात दमास्कसवर तोफांचा आणि विमानांतून बाँबचा मारा झाला. जळून गेलेल्या एका पेठेला तेथील लोक अजूनही 'हरीका', म्हणजे आग, असे म्हणतात. त्यानंतर अवघ्या पाचसहा वर्षांनी 'दमास्कसवरून जाणारे विमान' असे चित्र छापले गेले. पॅरिसमध्ये पत्र हाती घेणाऱ्याला त्यात प्रगती दिसली असेल. हरीकेतल्या दुकानदाराला काय दिसले असेल, याची कल्पना करावी. म्हणून ही तिकिटे पाहताना मला 'विज्ञानाचा विजय' वगैरे शब्द सुचत नाहीत.

पाल्मिराविषयी थोडे सविस्तर. अरबीत याचे नाव तदमुर. वाळवंटाच्या मध्यावरचे हे झऱ्याकाठचे गाव इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत व्यापारावर अतोनात श्रीमंत झाले. रोमकडे जाणारा पूर्वेचा माल इराणच्या आखातातून वर येऊन येथील उंटांच्या तांड्यांवर लादला जाई, आणि त्यात आपल्याकडचा मालही असे. सिंधूच्या मुखापर्यंत जाणाऱ्या गलबतांचा उल्लेख तेथील शिलालेखांत सापडतो. येथील एक शिलालेख तर आमच्या अभ्यासक्रमात लावावा असा आहे. इसवी सन १३७ चा हा जकातीचा दरपत्रक-लेख आहे. उंटाच्या ओझ्याला इतका कर, गाढवाच्या ओझ्याला इतका. सुगंधी तेल संगमरवरासारख्या दगडाच्या कुपीत असेल तर कर जास्त, बकऱ्याच्या कातड्याच्या बुधल्यात असेल तर कमी. सारा मजकूर दोन भाषांत, ग्रीक आणि स्थानिक पाल्मिरी. व्यापाऱ्याने 'मला वाचता आले नाही' असे म्हणू नये, हाच हेतू असणार. हा दगड आज पाल्मिरात नाही. तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. इसवी सन २७२ मध्ये राणी झेनोबियाचा रोमन सम्राट ऑरेलियनने पराभव केला आणि पाल्मिराचे वैभव संपले.

वैभव संपले, पण गाव संपले नाही, आणि तिकीट नेमके हेच सांगत नाही. पाल्मिराचे सर्वांत मोठे देऊळ बेल या देवाचे. ते इसवी सन ३२ मध्ये अर्पण झाले, पुढे त्याचे चर्च झाले, मग मशीद झाली. त्याच्या भव्य आवारात कित्येक पिढ्या तदमुर हे गाव नांदत होते. प्राचीन तटाच्या आत मातीची घरे, अंगणे, बायकामुले, बकऱ्या, सर्व काही. १९२९ ते १९३२ या काळात फ्रेंच अधिकाऱ्यांनी आणि पुरातत्त्वज्ञांनी हे गाव तेथून उठविले, घरे पाडली आणि लोकांना बाहेर नव्या वस्तीत हलविले. कारण देऊळ 'मोकळे' दिसले पाहिजे. आता मालिकेचे साल पुन्हा वाचा : १९३१. ज्या काळात गाव उठत होते, त्याच काळात पाल्मिराचे हे हवाई तिकीट निघाले, आणि त्यावर माणसांना जागा नाही. भग्नावशेष हे कुणाचे तरी राहते घर असेल तर त्यावरून विमान उडविण्यात काव्य उरत नाही. ते रिकामे असले तरच चित्र जमते.

याचा अर्थ पुरातत्त्वज्ञ वाईट होते असा मी काढत नाही. घरे काढल्यामुळेच देवळाचा अभ्यास झाला, पडायला आलेले भाग सावरले गेले. आपल्याकडेही हंपीच्या जुन्या बाजारातील दगडी मंडपांत राहणाऱ्या कुटुंबांना २०११ साली उठविण्यात आले तेव्हा हाच वाद झाला होता. दोन्ही बाजूंना काही म्हणणे असते. तिकिटावर मात्र एकच बाजू छापली जाते.

ऑगस्ट २०१५ मध्ये 'इस्लामिक स्टेट'च्या लोकांनी बेलचे देऊळ सुरुंग लावून उडविले. त्याच महिन्यात बालशमीन देवाचे देऊळ गेले होते, ऑक्टोबरात प्रसिद्ध कमान गेली. १९६३ पासून चाळीस वर्षे पाल्मिराची देखभाल करणारे पुरातत्त्वज्ञ खालेद अल-असाद यांना त्याच ऑगस्टमध्ये ठार मारण्यात आले. ते ऐंशी ओलांडलेले गृहस्थ होते. बेलच्या देवळाचा मोठा दरवाजा तेवढा उभा राहिला. फ्रेंचांनी माणसे हलवून देऊळ मोकळे केले आणि ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनी देऊळही गेले.

मालिकेतील इतर ठिकाणांचेही असेच झाले. होम्सच्या जुन्या पेठांचा युद्धात चुराडा झाला, अलेप्पोच्या किल्ल्याला मार बसला. देर एझ-झोर येथे फ्रेंचांनी युफ्रेटिस नदीवर झुलता पूल बांधला होता. १९४० च्या हवाई मालिकेवर तो पूल आहे. म्हणजे येथे भग्नावशेषांच्या जागी फ्रेंचांचे स्वतःचे काम आले. पुढच्याच वर्षी, जुलै १९४१ मध्ये, जनरल स्लिम यांच्या हाताखालच्या दहाव्या हिंदी डिव्हिजनने देर एझ-झोर घेतले. हा पूल यादवी युद्धात मे २०१३ मध्ये नष्ट झाला. काढला तेव्हा तो अभियांत्रिकीचा नमुना होता. आज त्याचे नाव भग्नावशेषांच्या यादीत घालावे लागते.

मग ही तिकिटे पुरावा म्हणून कितपत चालतील? मोजमापाला मुळीच नाही. तळहाताहून लहान कागदावर कोरणाऱ्याने खांब वगळले असतील, डोंगर जवळ ओढला असेल, विमान तर हमखास प्रमाणाबाहेर मोठे आणि खूप खाली काढलेले असते. बालबेकच्या ज्युपिटर देवळाचे उरलेले सहा खांब वीस मीटर उंच आहेत. त्यांच्या डोक्यावरून इतक्या जवळून विमान नेणाऱ्या वैमानिकाचा परवाना काढून घेतला असता! पण त्या वर्षी त्या सरकारला काय दाखवावेसे वाटले आणि काय झाकावेसे वाटले, याचा तो पक्का पुरावा आहे, कारण तिकीट हा सरकारी कागद आहे.

आपल्या देशात अवशेषांना तोटा नाही, तरी अशी जोडी हिंदुस्थानच्या हवाई तिकिटांवर का रूढ झाली नाही, हे मी पुष्कळ दिवस शोधत होते. १९३७ च्या मालिकेत हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, बोट, लॉरी आणि शेवटी बारा आण्यांवर विमान अशी टपालाची सारी वाहने आहेत, अवशेष नाहीत. १५ ऑगस्ट १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत अजिंठा, कोणार्क, सांची आहेत. सहा आण्यांच्या तिकिटावर आपल्या शेजारचा विजापूरचा गोलघुमट आहे. पण आकाश मोकळे. याचे एक कारण मला हिशेबात सापडते. १९४९ मध्येच नागपूरला रात्रीच्या टपालविमानांचे केंद्र झाले आणि देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची पद्धत सुरू झाली. जादा आकार नाही, तर वेगळे तिकीट कशाला? दुसरे कारण असे वाटते की, गोलघुमटाची ओळख पटविण्यासाठी नव्या सरकारला त्यावर विमान काढण्याची गरज नव्हती. ही माझी समजूत आहे, प्राध्यापक मंडळींनी खोडून काढावी.

आता ज्यांना जमवायचे आहेत त्यांच्यासाठी. पैशाची आशा धरू नये. यांतील बहुतेक तिकिटे भरपूर छापली गेली होती, आणि कॅटलॉगात दिसते ती विक्रेत्याच्या दुकानातली किंमत असते. आपण विकायला गेलो की तिचा लहानसा हिस्सा हाती येतो. १९२६ च्या उलट्या किंवा दुहेरी छापलेल्या विमानांना भुलू नये. असे 'दोष' संग्राहकांसाठी मुद्दामही केले गेले आणि नकलीही पुष्कळ आहेत. भिंगातून पाहावे. टपालाच्या शिक्क्याच्या शाईवर विमानाची शाई चढलेली दिसली, तर विमान मागाहून छापले हे उघड आहे. जलचिन्ह, कडेची छिद्रे ही पुढची पायरी, ती कॅटलॉग पाहून शिकता येते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिफाफा. हवाई तिकीट लिफाफ्यावर असेल तर ते कधीही भिजवून सुटे करू नये. पुढचा शिक्का निघाल्याची तारीख सांगतो, मागचा पोचल्याची, आणि मधले दिवस बोटांवर मोजता येतात. सुटे तिकीट फक्त चित्र देते. आजोबांकडे बैरूतहून मुंबईला आलेला असा एकच लिफाफा आहे. मागचा शिक्का पुसट असल्याने त्याचे दिवस अजून मोजता आलेले नाहीत. कुणाच्या घरी आखातातून, आफ्रिकेतून किंवा विलायतेहून आलेली जुनी पत्रे ट्रंकेत पडून असतील, तर त्यांवरची तिकिटे कात्रीने कापण्यापूर्वी मला एकवार दाखवावीत. मी बी. कॉम. भाग दोनच्या वर्गात सापडेन.